मांडवासाठी सोडलेला कोपरा

बोरगाव मेघे, वर्धा
१८ ऑगस्ट

प्रिय जागृती,

किसनमामाचा नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे ते आधी सांग. आईला फोनवर तू 'बरी आहे' एवढंच म्हणतेस, आणि त्या दोन शब्दांवरून काही अंदाज येत नाही. निकेशरावांची कंबर कशी आहे? मोटरसायकल सोडून बसनं जायला लागले की अजून तसेच? आचलचा घसा दर पावसाळ्यात धरतो, तिला मिठाच्या गुळण्या करायला लाव आणि फ्रीजचं पाणी देऊ नकोस. तुझ्या सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? पहिल्या डोळ्याला काही त्रास झाला नव्हता, मग दुसऱ्याला भ्यायचं कारण नाही, असं त्यांना माझ्याकडून सांग. इकडे तुझ्या मामीची साखर वरखाली होत असते. गोळी वेळेवर घेते आणि गोळी घेतली म्हणून पेढाही घेते. तुझ्या आईचे, विमलचे, गुडघे दुखतात, पण आर्वीच्या बाजारात जायचं ती सोडत नाही. मी बरा आहे. थकलो आहे खरा, पण एकाहत्तराव्या वर्षी थकलो नाही तर कधी थकणार.

फोन केला असता. पण फोनवर मी 'हं, बरं, जेवली का' याच्या पुढं जात नाही, तुला माहीत आहे. राखीला आर्वीला गेलो होतो. तिथं विमलनं सांगितलं की तू नाशिकचं ते जुनं ऑफिस सोडलंस. इथून आपल्या लेआउटमधल्या घरांच्या कमिटीची तक्रार गेली तेव्हापासून तिथं तुला नकाशावर सही करू देत नव्हते, दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा मारायला बसवलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एसटीत येताना सगळा रस्ता तेच डोक्यात होतं. घरी आल्यावर मामीनं दोनदा विचारलं, कोणाशी भांडून आले काय म्हणून.

तुला आठवतं का, तू आठ-नऊ वर्षांची असताना सुट्टीत माझ्याबरोबर कामावर यायचीस. मी भिंतीच्या एका टोकाला आणि तू दुसऱ्या टोकाला, मधे पाणी भरलेला लेव्हलचा पाईप. पाईपातलं पाणी थांबेपर्यंत तू श्वास रोखून उभी राहायचीस, आणि मी खूण कर म्हटलं की जीभ बाहेर काढून पेन्सिलीनं रेघ मारायचीस. एकदा तू म्हणालीस, मामा, तुमची रेघ माझ्यापेक्षा खाली आहे. मी हसलो. मग पाहिलं तर पाईपात हवेचा बुडबुडा होता. तेव्हा मी मजुरांना सांगितलं होतं की ही पोरगी इंजिनियर होईल. मी चौथी शिकलेला माणूस. नकाशा वाचायला दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून बघून शिकलो. तू इंजिनियर झालीस तेव्हा मला वाटलं, माझंच राहिलेलं शिक्षण कोणीतरी पुरं करून आणलं.

म्हणूनच तीन वर्षांपूर्वी पावसात रस्त्यावर साचणाऱ्या पाण्याचा प्रश्न आला तेव्हा मी भैयाजींना म्हटलं होतं, आपल्या घरचं माणूस आहे, तिलाच विचारू. भैयाजी कमिटीचे अध्यक्ष, त्यांना वाटलं पोरगी येईल, एक शोषखड्डा सांगेल आणि चहा पिऊन जाईल. तू आलीस ती नेमकी पावसात, आणि छत्री घेऊन दोन तास रस्त्यावर उभी राहिलीस. पोरं खिडकीतून हसत होती. भैयाजी मला म्हणाले, 'किसनराव, तुमची भाची काऊन भिजून राह्यली, पाणी खाली जाते हे तर आमालेबी माहीत हाय.' तू वहीत लिहीत होतीस. कोणत्या छतावरून किती येतं, रस्त्यावरून किती, रुपेशच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानासमोरून जाताना पाण्यावर तेलाचे रंग कसे चढतात, शेळ्या बांधतात तिथून काय काय वाहून येतं. मग ओसरीत बसून तू मला सांगितलंस की शोषखड्डा आपल्याकडे चालणार नाही. काळी माती फुगली की पाण्याला पिऊच देत नाही, खड्डा भरून रस्त्यावर येईल. पाणी कुठून येतं, सोबत काय आणतं आणि शेवटी कोणाच्या घशात जातं, एवढं ठरवल्याशिवाय कुदळ लावू नका मामा, असं तू म्हणाली होतीस.

मला तेव्हा सगळं कळलं होतं, जागृती. ते कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. तू तुझ्या मामीच्या चुलीवरूनच समजावलं होतंस. तांदळाचं पहिलं धुवण आपण टाकून देतो, तसा पावसाचा पहिला लोंढा सगळ्यांत घाण, तो आधी गाळाच्या हौदात थांबवायचा. रश्श्यावर तर्री तरंगते तसं तेल वर राहतं, म्हणून हौदातून निघणाऱ्या पाईपाचं तोंड खाली वळवायचं, म्हणजे तर्री मागे राहते आणि खालचं पाणी पुढं जातं. मग ते पाणी तीस फूट बाय आठ फुटांच्या वाफ्यात, वर वाळू, खाली गिट्टी, त्याच्या खाली भोकं पाडलेला पाईप, वर कर्दळ आणि वाळा लावलेला. तिथून गाळून निघालेलं पाणी नाल्यात. आणि विहिरीत फक्त छताचं पाणी, तेही छोट्या गाळणीतून. रस्त्याचा एक थेंबही विहिरीत जाऊ द्यायचा नाही, हे तू नकाशावर लाल पेनानं लिहिलं होतंस आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्यास.

वाफ्याची जागा तू विहिरीजवळचा मोकळा कोपरा धरली होतीस, कारण सगळा उतार तिकडेच. आणि आपल्या लेआउटमध्ये लग्नाचा मांडव पडतो तो त्याच कोपऱ्यात. बत्तीस घरं, प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी लग्नाचं. पुढच्या उन्हाळ्यातली दोन लग्नं ठरली होती. तू नाशिकला परत गेल्यावर भैयाजी माझ्याकडे आले. वाईट माणूस नाही तो. सरळ विचारलं, 'मिस्त्री, हे वाळूचं वावर खरंच लागते काय? बाकी मांडव काय तुमच्या छतावर टाकाचा?' मी थोडा वेळ नकाशा पाहिला. आणि म्हणालो, लागत नाही. गाळाचा हौद आहे ना, तेवढ्यानं भागतं. नाल्यात पाणी सोडून द्यायचं म्हणजे वाया घालवणं, त्यापेक्षा विहिरीत घेऊ, विहीर भरेल. ते म्हणाले, पाहा, तुमाले कळते. मला ते ऐकायला गोड लागलं. चाळीस वर्षं इंजिनियर लोक मला म्हणत आले, मिस्त्री, नकाशात आहे तेवढंच करा. पहिल्यांदा कोणी नकाशा बाजूला ठेवून मला विचारत होतं.

हौदसुद्धा मी अर्ध्या मापाचा केला आणि पाईपाचं तोंड सरळ ठेवलं. वळवलं की कचरा अडकतो आणि साफ करायला मलाच बोलावतात, असा माझा हिशेब.

त्या वर्षी विहीर काठोकाठ भरली. लोक पाहायला यायचे. भैयाजींनी गणपतीत मला शाल आणि नारळ दिला, आणि तुझंही नाव घेतलं, की आमच्या इंजिनियरबाईंच्या नकाशानं पाणी आलं. तो फोटो मी तुला पाठवला होता. तू फोनवर विचारलंस, मामा, विहिरीत एवढं पाणी छतावरूनच आलं का? मी म्हणालो, पाऊसच तसा झाला. ते माझं पहिलं खोटं.

दुसऱ्या वर्षी पाण्याला वास यायला लागला. सकाळी बादली ठेवली की वर तेलाची साय धरायची. कपडे पिवळे पडले, पोरांच्या अंगाला खाज सुटली. तू पोळ्याला आली होतीस, आचलचा लाकडी बैल तान्ह्या पोळ्यात फिरवायला. आणि त्याच संध्याकाळी शाळेच्या वर्गात कमिटीची सभा भरली. तुला बोलावलं होतं, तू आलीस. काय काय बोलले लोक, ते मी पुन्हा लिहीत नाही. 'पुस्तकातलं पाणी विहिरीत ओतलं बाईनं,' एवढं एकच लिहितो, कारण त्यावर जे हसले त्यांच्यात माझा चुलतभाऊही होता. तू उभी राहिलीस, आणि बोलण्याआधी माझ्याकडे पाहिलंस. तुला ठाऊक होतं. दुपारी तू हौदाचं झाकण उघडून पाहिलं होतंस, मला मामीनं सांगितलं. तू थांबलीस, मी बोलेन म्हणून. मी चपलेचा अंगठा नीट करत बसलो. मग तू म्हणालीस, पाण्याची तपासणी करून घ्या, तोवर कोणी पिऊ नका, आणि खाली बसलीस.

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी तुझ्या पायाला हात लावत आलो, लोकांनी थट्टा केली तरी. दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या गाडीनं जाणार होतीस. मी अंगणात उभा होतो आणि मला वाकता आलं नाही. कंबर धरली असं मी मामीला सांगितलं. तूही थांबली नाहीस, आचलचा हात धरून रिक्षात बसलीस. त्याला या पोळ्याला दोन वर्षं होतील.

मागच्या दिवाळीनंतर मीराबाई आजारी पडल्या. विहिरीला लागून त्यांचं घर, आयुष्यभर त्याच पाण्यावर. आम्ही सगळे नळाचं प्यायला लागलो, पण त्यांचा नळ लाईनच्या अगदी टोकाला, पाणी पोचत नाही, आणि त्या कोणाकडे मागत नाहीत. जुलाबानं इतक्या गळाल्या की सेवाग्रामच्या दवाखान्यात चार दिवस सलाईनवर होत्या. मी भेटायला गेलो. ऐंशीच्या घरातली बाई, कापसाच्या वातीसारखी झाली होती. मला म्हणाल्या, 'किसनभाऊ, तुमच्या भाचीनं मले सांगतलं होतं. आजी, हे पाणी पेऊ नका, उकळूनबी पेऊ नका. मीच आयकलं नाई. तिले सांगजा, तिची काई चूक नाई, माहीच हाय.' मी तिथं बसूच शकलो नाही. संत्री आणली होती, ती नर्सबाईंच्या टेबलावर ठेवून निघालो.

त्यानंतर आठ दिवसांनी मी त्या मोकळ्या कोपऱ्यात सुतळी ताणली. तीस बाय आठ. नकाशा माझ्या पेटीत होता, शालीच्या खाली. खणायला लागलो. काळी माती वाळली की दगड होते, लोखंडी सब्बल मारली की हातातून खांद्यापर्यंत झिणझिणी. दिवसाला दोन फूटही व्हायचं नाही. येणारे जाणारे विचारायचे, काय करून राह्यले काका? मी म्हणायचो, राहिलेलं काम. तिसऱ्या दिवशी भैयाजी आले आणि भडकले. कमिटीच्या जागेत कोणाच्या परवानगीनं खणता म्हणून. मी म्हणालो, सभा बोलवा, तिथं सांगतो.

सभेत मी नकाशा फळ्यावर लावला. लाल पेनाच्या दोन रेघा सगळ्यांना दाखवल्या. सांगितलं की हे लिहिलेलं मी वाचलं होतं, आणि तरी रस्त्याचं पाणी मीच विहिरीत सोडलं. नकाशा बरोबर होता, काम चुकीचं होतं, आणि काम माझं होतं. कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील, त्यानं हलकं वाटलं असतं. भैयाजी म्हणाले, 'म्या त तुमाले इचारलं होतं मिस्त्री. तुमी लागते म्हणाले असते त मांडव रस्त्यावर टाकला असता.' त्यांचं खरं होतं. तेव्हापासून ते मला नमस्कार करत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन माणसं आणि फावडी पाठवली.

उन्हाळाभर काम चाललं. हौद पुऱ्या मापाचा केला, पाईपाचं तोंड खाली वळवलं. वाळू धुऊन टाकली, कारण तू लिहिलं होतंस धुतलेलीच हवी, आणि धुताना किती माती निघाली ते पाहून मला कळलं की तू ते का लिहिलं होतंस. कर्दळ मामीनं लावली. वाळा रुपेशनं आणला. बिचारा ओशाळला होता, आता जुनं तेल डब्यात भरून ठेवतो, रस्त्यावर ओतत नाही. जुलैतल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन उभा राहिलो, जशी तू राहिली होतीस. हौदात गढूळ काळं पाणी फिरत होतं, आणि वाफ्याच्या पलीकडे नाल्यात जे पडत होतं ते आधी लालसर आणि मग साधं, पावसाच्या रंगाचं. फक्त मोठी सर आली की वाफा भरून उजव्या कडेनं वाहतो. तिथली पाळ मी एक इंच खाली ठेवली काय, अशी शंका आहे. विहीर उपसली, गाळ काढला, दोनदा औषध टाकलं. पहिल्या तपासणीत पाणी नापासच झालं. दुसरी पोळ्यानंतर. या एवढ्या कामानं मी फार थकलो, जागृती. संध्याकाळी ओसरीत बसलो की उठताना खांबाला धरावं लागतं. मामी म्हणते, आता झालं ना सगळं, आता कशाला जीव टाकता. तिला वाटतं झालं.

झालेलं नाही. सभेत मी सगळं सांगितलं, पण एक गोष्ट सांगितली नाही, आणि ती तुला माहीत आहे, कारण तो कागद तुझ्या टेबलावर आला असणार. तक्रारीच्या खाली भैयाजींची सही होती आणि तिच्या खाली एक ओळ होती, 'काम नकाशाप्रमाणे केले आहे', आणि तिच्या खाली माझी सही. पोळ्याच्या त्या सभेनंतर भैयाजींनी कागद पुढं केला, मी चष्मा लावून वाचला आणि सही केली. राखीच्या दिवशी विमल माझ्या हाताला राखी बांधत होती आणि तुझं सगळं सांगून म्हणाली, 'दादा, ज्यानं त्या कागदावर सही केली त्याच्या हाताले काईच वाटलं नसन काय?' तेव्हा मला कळलं की दोन वर्षं तू आपल्या आईलाही माझं नाव सांगितलं नाहीस. मी म्हणालो, विमल, तो हात हाच. मग तिनं गाठ पुरी बांधली, ताट उचललं आणि आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. परवा मी एक कागद लिहिला आहे. नकाशात काय होतं, मी काय केलं, तुला न विचारता केलं, आणि ती सही खोटी होती. खाली माझं नाव, आणि साक्षीदार म्हणून भैयाजींची सही मागितली, ती त्यांनी दिली. आता तो कुठं पाठवू ते मला कळत नाही. जुन्या ऑफिसला पाठवावा तर तू तिथं नाहीस. नव्या ऑफिसला पाठवावा तर त्यांना कदाचित त्या तक्रारीचं काही ठाऊकच नसेल, आणि मी मिटलेलं उकरून पुन्हा तुझं नुकसान करीन. यावेळी मला माझ्या मनानं काही करायचं नाही. तू सांगशील तिथं पाठवतो, दोन्हीकडे म्हणालीस तर दोन्हीकडे, आणि तुझ्या हातात हवा असेल तर तुझ्याकडे. पाकीट उघडंच ठेवलं आहे, वर पत्ता लिहायचा बाकी आहे. माझ्यासाठी काही लिहू नकोस, फक्त तो पत्ता लिही, पण जरा लवकर लिही.

तुझाच,
किसनमामा